आंत्रस्थ जीवाणूंचा अभ्यास आणि नमुन्याचे शास्त्र

अलीकडे चिकित्सालयात येणारे काही रुग्ण रक्त-लघवीच्या तपासण्यांसोबत आणखी एक जाडजूड अहवाल घेऊन येतात. घरी आलेल्या डबीत मलाचा नमुना भरून तो कुरिअरने पाठवायचा आणि काही आठवड्यांनी 'गट मायक्रोबायोम'चा, म्हणजे आतड्यातील जीवाणूसमूहाचा अहवाल मिळवायचा, अशी ही सेवा आहे. अहवालात रंगीत वर्तुळे असतात, जीवाणूंची लांबलचक लॅटिन नावे असतात, आतड्याच्या आरोग्याला दिलेले गुण असतात आणि शेवटी आहाराचा तक्ता असतो. रुग्णाचा प्रश्न सरळ असतो : "डॉक्टर, यावर आता औषध काय?" दुसरीकडे, त्रिफळा, तक्र किंवा बस्ती यांचा आंत्रस्थ जीवाणूंवर होणारा परिणाम दाखविणारे एखादे संशोधन आपल्याही खात्यावर असावे, असे अनेक फार्मसीचालकांना वाटू लागले आहे.

या दोन्ही प्रसंगी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. नमुना कोठून घेतला, केव्हा घेतला, कसा घेतला आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कोणत्या अवस्थेत होता? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढील सर्व यंत्रे, संगणक आणि आलेख व्यर्थ ठरतात. सदोष नमुन्यावर आधारलेल्या अहवालावरून चिकित्सा ठरविली, तर रुग्णाचा पैसा व काळ वाया जातो. सदोष नमुन्यावर आधारलेला दावा आपण छापला, तर शास्त्राची विश्वासार्हता पणाला लागते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही जीवाणूंच्या नामावळीपेक्षा नमुन्याच्या शास्त्राचाच विचार करणार आहोत.

नमुन्याची शिस्त आपल्याला नवी नाही

योगरत्नाकरातील मूत्रपरीक्षेचे प्रकरण वाचकांच्या परिचयाचे आहे. तैलबिंदूचा आकार पाहण्यापूर्वी ग्रंथकार नमुन्याचे नियम सांगतात. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी रुग्णास उठवावे, पहिली धार सोडून मधली धार घ्यावी, ती काचेच्या पात्रात ठेवावी आणि सूर्योदयी तिचे परीक्षण करावे. काळ, भाग, पात्र आणि परीक्षणाची वेळ या चारही गोष्टी येथे निश्चित केलेल्या आहेत.

चरकसंहितेच्या ग्रहणीदोषचिकित्सेतील आममलाची परीक्षा याहून बोधप्रद आहे. साम मल पाण्यात बुडतो व पक्व मल तरंगतो, हे आपण सर्व जण विद्यार्थिदशेत पाठ करतो. परंतु त्याच ठिकाणी अपवादही सांगितले आहेत, हे पुष्कळदा विसरले जाते. मल अतिद्रव असेल, अतिशय घट्ट असेल, शैत्ययुक्त किंवा कफदूषित असेल, तर हा नियम लागू पडत नाही. परीक्षा कोठे चुकू शकते, हे परीक्षेसोबतच सांगून ठेवण्याची ही वृत्ती आजच्या सूक्ष्मजीव-अभ्यासातही तितकीच आवश्यक आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चरकाचार्यांनी विमानस्थानात ज्या सहज कृमींचा वीस प्रकारांबाहेर उल्लेख केला आहे, ते म्हणजेच आजचे 'मायक्रोबायोम', असे समीकरण मांडण्याचा मोह काहींना होतो. असे समीकरण शब्दसाम्यावर सिद्ध होत नसते. ते मांडावयाचे असेल तर त्यालाही नमुन्यांचाच आधार लागेल.

आतडे एक, प्रदेश अनेक

मानवी शरीरातील जीवाणूंची संख्या शरीरपेशींच्या दसपट असते, असे विधान अनेक वर्षे छापले जात होते. २०१६ साली इस्राएल व कॅनडातील संशोधकांनी ही गणना नव्याने केली. सत्तर किलो वजनाच्या पुरुषात जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरी, असा त्यांचा हिशेब आहे. या सर्व जीवाणूंचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. त्यांतील बहुतांश वस्ती मोठ्या आतड्यात असते.

वस्तीची ही विषमता लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. जठराम्ल व पित्त यांच्या प्रभावामुळे लहान आतड्याच्या आरंभी जीवाणू विरळ असतात. पुढे ते वाढत जातात आणि मोठ्या आतड्यात दर ग्रॅमला शंभर अब्जांपर्यंत पोहोचतात. आम्लता, प्राणवायूचे प्रमाण, अन्नाचा वेग आणि श्लेष्मल आवरणाची जाडी प्रदेशागणिक बदलते, त्यानुसार रहिवासीही बदलतात. आतड्याच्या पोकळीत वाहणारे जीवाणू वेगळे आणि भिंतीवरील श्लेष्मल थराला चिकटून राहणारे वेगळे.

२००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन निरोगी व्यक्तींच्या मोठ्या आतड्याच्या निरनिराळ्या भागांतील श्लेष्मल थराचे नमुने आणि त्यांचाच मल यांची तुलना केली होती. व्यक्तिव्यक्तींतील फरक सर्वांत मोठा निघाला. परंतु एकाच व्यक्तीचा मल आणि तिच्याच आतड्याची भिंत यांतही स्पष्ट भेद आढळला. ज्यांची औषधनिर्मिती आहे त्यांना हे पटावयास वेळ लागू नये. अश्वगंधेचे पोते आले की वरची मूठभर मुळे उचलून कोणी सबंध मालाची परीक्षा करीत नाही. पोत्याच्या वरून, मधून व तळातून माल घ्यावा, तो एकत्र करावा आणि चार भाग करीत करीत परीक्षणापुरता ठेवावा, हीच रीत आहे. मल हा आतड्यातून बाहेर पडणारा शेवटचा माल होय. त्यावरून आतील कोठाराचा अंदाज करता येतो. तो अंदाजच असतो, एवढे मात्र विसरता कामा नये.

मलाचा नमुना : सोपा, पण साधा नव्हे

जगातील बहुसंख्य अभ्यास मलाच्या नमुन्यावरच झाले आहेत. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या 'ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट'ने २४२ निरोगी प्रौढांच्या शरीराच्या अनेक भागांतून नमुने घेतले. आतड्याचा प्रतिनिधी म्हणून मात्र मलच निवडला. कारण उघड आहे. रुग्णाला वेदना नाही, खर्च कमी, वारंवार घेणे शक्य आणि जीवाणूंची विपुलता.

तथापि घरी नमुना घेताना अनेक दोष शिरतात. मलात मूत्र किंवा शौचकुपातील पाणी मिसळता कामा नये. आपल्याकडील बैठ्या शौचकुपात ही अडचण अधिक असते. म्हणून स्वच्छ कोरडा कागद किंवा टाकाऊ पात्र वापरण्याची सूचना रुग्णास तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे द्यावी. एकाच विसर्जनातील मलाचा आरंभीचा व शेवटचा भाग, तसेच बाहेरचा व आतील भाग यांतही फरक असू शकतो. यासाठी निरनिराळ्या ठिकाणांहून थोडा थोडा मल घेऊन तो एकजीव करणे इष्ट होय.

मलाचे स्वरूप नोंदविणे ही तर अत्यावश्यक गोष्ट आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झालेली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेली मलस्वरूपाची सात पायऱ्यांची श्रेणी आज सर्वत्र वापरली जाते. पहिल्या पायरीवर सुटे, कठीण खडे आणि सातव्यावर केवळ द्रव. अन्न आतड्यात किती काळ राहिले याचे हे स्थूल माप आहे. बेल्जियममधील एका मोठ्या अभ्यासात (२०१६) हजारावर व्यक्तींच्या आहार, औषधे, वय इत्यादी अनेक बाबी तपासल्या गेल्या. जीवाणूसमूहातील भेदाशी ज्या एका बाबीचा संबंध सर्वांत बलवान निघाला ती होती मलाची घट्टता. क्रूरकोष्ठी व मृदुकोष्ठी व्यक्तींचे नमुने कोष्ठाची नोंद न करता एकत्र मिसळले, तर निष्कर्ष रोगाचा आहे की कोष्ठाचा, हे सांगणे अशक्य होईल. कोष्ठपरीक्षा हे तर आपल्या नित्याचे काम आहे. ही नोंद आपण इतरांपेक्षा अधिक चांगली करू शकतो.

स्वाब, बायॉप्सी आणि कॅप्सूल

अतिशय आजारी रुग्ण किंवा तान्ही मुले यांच्या बाबतीत गुदद्वारातून कापसाच्या बोळ्याने, म्हणजे स्वाबने, नमुना घेतात. हवा तेव्हा घेता येणे हा त्याचा लाभ आहे. द्रव्य अल्प मिळणे आणि त्वचेवरील जीवाणूंची भेसळ होणे हे त्याचे दोष.

आतड्याच्या भिंतीवरील जीवाणू पाहावयाचे असल्यास कोलोनोस्कोपीच्या वेळी बायॉप्सी घ्यावी लागते. ही पद्धत अंगावर शस्त्र चालविणारी असल्याने निरोगी व्यक्तीत ती सहसा योग्य ठरत नाही. चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात मानवी पेशींचे डीएनए भरपूर आणि जीवाणूंचे अल्प असते. पण वैद्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. कोलोनोस्कोपीपूर्वी रुग्णास तीव्र सारक द्राव पाजून आतडे धुऊन काढतात. फिनलंडमधील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींत केलेल्या अभ्यासात (२०१५) असे आढळले की या क्षालनाने जीवाणूंचे एकूण प्रमाण सुमारे ३१ पटींनी घटते आणि पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे बायॉप्सीचा नमुना हा धुतलेल्या आतड्याचा नमुना असतो.

विरेचनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. विरेचनापूर्वी व विरेचनानंतर तिसऱ्या दिवशी नमुना घेतला आणि त्यांत मोठा फरक दिसला, तर तो कल्पाचा विशिष्ट गुण मानता येईल काय? केवळ मलप्रवृत्ती झाल्यानेही असाच फरक पडतो, हे वरील अभ्यासावरून स्पष्ट आहे. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा आणि संसर्जनक्रम संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही नमुने हवेत. बस्तीबाबतही हाच विचार लागू पडतो.

लहान आतड्याचा रस काढण्यासाठी पूर्वी तोंडावाटे नळी घालावी लागे. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये नवी युक्ती मांडली. औषधाच्या गोळीएवढी कॅप्सूल रुग्ण गिळतो. ठराविक आम्लतेच्या प्रदेशात तिचे आवरण विरघळते, आतील मिटलेली पिशवी उघडून रस ओढून घेते आणि एकेरी झडप बंद होते. पुढे मलासोबत ती परत मिळते. निरनिराळ्या आम्लतेला उघडणाऱ्या चार प्रकारच्या कॅप्सूल वापरून १५ निरोगी व्यक्तींच्या आतड्यातील क्रमवार प्रदेशांचे नमुने मिळाले आणि ते त्यांच्याच मलाहून ठळकपणे निराळे निघाले. शरीराबाहेर येईपर्यंत पिशवीतील जीवाणू वाढत राहू शकतात, ही या पद्धतीची मर्यादा होय. तरीही ग्रहणी हे ज्यांचे चिंतनक्षेत्र आहे त्यांनी या तंत्राकडे लक्ष ठेवावे, असे आम्हांस वाटते. ग्रहणीविषयीचा प्रश्न मलाला विचारून पुरेसे उत्तर मिळत नाही.

तक्र प्यायले, मलात दिसले, पुढे काय?

इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली 'सेल' या नियतकालिकात जिवंत जीवाणूंच्या औषधांवरील, म्हणजे प्रोबायोटिकांवरील, अभ्यास प्रसिद्ध केला. औषध घेणाऱ्यांच्या मलात ते जीवाणू सापडत होते. पण आतड्याच्या भिंतीवर काही व्यक्तींतच ते वसले, इतरांत नाही. मल पाहून हा भेद कळत नव्हता. तक्रावरील अभ्यासात हा धडा ध्यानी ठेवावा. तक्र घेणाऱ्याच्या मलात लॅक्टोबॅसिलस वाढले, याचा अर्थ ते आतड्यात रुजले असा होत नाही. ते केवळ वाटेने निघून गेलेलेही असू शकतात. म्हणून सेवन थांबविल्यानंतरचा नमुना घेतल्याशिवाय विधान करू नये.

नमुन्याचा प्रवास आणि आपला उन्हाळा

मल शरीराबाहेर आला म्हणून जीवाणूंचे जीवन थांबत नाही. प्राणवायू न सोसणारे मरू लागतात, तर प्राणवायूत वाढणारे, विशेषतः इ. कोलायच्या कुळातील जीवाणू, झपाट्याने वाढतात. काही काळ उष्ण जागी पडलेला नमुना जणू दुसऱ्याच व्यक्तीचा होतो. म्हणून ताबडतोब गोठवून उणे ८० अंश सेल्सिअसला साठविणे ही आदर्श पद्धत मानली जाते. घरातील शीतकपाटावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण आपोआप बर्फ वितळविणाऱ्या कपाटात नमुनाही पुनःपुन्हा अर्धवट वितळून गोठतो.

जेथे गोठविण्याची सोय नाही तेथे संरक्षक द्राव वापरतात. अमेरिकेतील एका तुलनात्मक अभ्यासात (२०१६) आठ आठवड्यांच्या साठवणीत ९५ टक्के इथेनॉल, विशिष्ट रासायनिक कागद आणि बाजारात मिळणारा एक तयार संरक्षक संच यांत नमुना बऱ्यापैकी स्थिर राहिला. ७० टक्के इथेनॉलमध्ये मात्र तो बिघडला. स्पिरिटच्या तीव्रतेचे महत्त्व औषधनिर्मात्यांना सांगावयास नको. हाताशी जंतुनाशक म्हणून ठेवलेले पातळ स्पिरिट येथे चालणार नाही.

परदेशी पुस्तिकांतील 'खोलीचे तापमान' हा शब्दही सावधपणे वाचावा. तेथे तो बहुधा २० ते २५ अंशांचा असतो. वैशाखात अकोला किंवा चंद्रपूर येथून निघालेली डबी दोन-तीन दिवस वाहनात व गोदामात ४० अंशांवर राहू शकते. संरक्षक द्राव नसलेल्या अशा नमुन्याचा अहवाल कितीही देखणा असला तरी त्यावर चिकित्सा बेतणे धोक्याचे आहे.

प्रयोगशाळेतील दोन अडथळे

पहिला अडथळा डीएनए काढण्याचा. काही जीवाणूंचे कवच मऊ, तर काहींचे चिवट. केवळ रासायनिक क्रियेने चिवट कवच फुटत नाही. त्यासाठी सूक्ष्म मण्यांसोबत नमुना जोराने हलवावा लागतो. हे केले नाही, तर चिवट कवचाचे जीवाणू अहवालात कमी दिसतात. २०१७ साली डीएनए काढण्याच्या २१ पद्धतींची तुलना झाली, तेव्हा एकाच मलातून पद्धतीगणिक वेगवेगळी उत्तरे मिळाली. शिवाय रसायनांतच असलेल्या परक्या डीएनएची भेसळ ओळखण्यासाठी रिकामा नमुनाही सोबत चालवावा लागतो. प्रयोगशाळांना आपापसांत ताळा घेता यावा म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२५ साली मानवी मलाचा प्रमाणित संदर्भ-नमुना उपलब्ध करून दिला आहे.

दुसरा अडथळा टक्केवारीचा. बहुतेक अहवाल जीवाणूंची संख्या देत नाहीत, परस्पर प्रमाण देतात. हिरडा, बेहडा व आवळा प्रत्येकी १०० ग्रॅम घेतल्यास हिरड्याचे प्रमाण ३३ टक्के होते. आवळा ५० ग्रॅम केला, तर हिरडा ४० टक्के होतो. प्रत्यक्षात हिरडा एक गुंजही वाढलेला नसतो. अहवालात एखादा जीवाणू 'वाढला' असे दिसले, तर तो खरोखर वाढला की दुसरे घटले, हा प्रश्न विचारावा. बेल्जियममधील संशोधकांनी २०१७ साली पेशींची प्रत्यक्ष मोजणी करून प्रमाणासोबत संख्याही देण्याची पद्धत मांडली, ती याच कारणास्तव.

नमुना कोणाचा आणि केव्हाचा?

प्रतिजैविकांचा परिणाम औषध संपल्यावर संपत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन व्यक्तींना सिप्रोफ्लॉक्सासिनचे दोन क्रम देऊन दहा महिने नमुने घेतले होते; शेवटी स्थिरावलेला जीवाणूसमूह आरंभीच्यासारखा राहिला नव्हता. मधुमेहींत सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन आणि अम्लपित्तावर घेतली जाणारी आम्लरोधके हीसुद्धा जीवाणूसमूह बदलतात. मधुमेहाचा म्हणून वर्णिलेला काही बदल वस्तुतः मेटफॉर्मिनचा होता, हे २०१५ साली 'नेचर'मध्ये दाखविले गेले. आहार आमूलाग्र बदलला तर चार-पाच दिवसांतही फरक दिसतो. म्हणून एका दिवसाच्या एकाच नमुन्यावर भिस्त ठेवू नये. उपचारापूर्वीचेही निदान दोन-तीन नमुने असावेत.

आपल्या देशातील कामाकडेही याच दृष्टीने पाहावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात भारतातील १४ ठिकाणांच्या १००४ व्यक्तींचे नमुने तपासले गेले. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींत, आहारभेदानुसार जीवाणूभेद स्पष्ट दिसला. आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास २०१८ चा, पुण्यातील संशोधकांच्या सहभागाने झालेला. पश्चिम भारतातील ग्रामीण भागातील ११३ निरोगी व्यक्तींची प्रकृती निश्चित करून त्यांचे जीवाणू पाहिले गेले. मुख्य जीवाणूसमूह सर्व प्रकृतींत सारखाच आढळला. काही विशिष्ट जीवाणूंच्या प्रमाणात मात्र प्रकृतिपरत्वे भेद दिसला. या अभ्यासाचे खरे बळ निवडीत आहे. प्रदेश, समाज व आहार यांत साम्य असलेल्या व्यक्ती निवडल्यामुळे प्रकृतीचा भेद आहारभेदात बुडून गेला नाही. 'प्रकृतीनुसार जीवाणू ठरतात' असे सरसकट विधान करण्यास तो पुरेसा नाही. पुढील अभ्यास कसा आखावा, हे शिकविण्यास मात्र पुरेसा आहे.

आपण काय करावे?

रुग्णाने अहवाल समोर ठेवल्यास प्रथम पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. नमुना कोणत्या दिवशी घेतला व किती दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचला? डबीत संरक्षक द्राव होता काय?
२. त्या दिवशी मलाचे स्वरूप कसे होते? कोष्ठ कोणता?
३. मागील तीन महिन्यांत प्रतिजैविके, आणि त्या सुमारास मेटफॉर्मिन, आम्लरोधके, सारक औषधे किंवा पंचकर्म झाले होते काय?
४. प्रवास, उपवास, आजार किंवा आहारातील मोठा बदल होता काय?
५. अहवालात केवळ टक्केवारी आहे की संख्याही? तुलना कोणत्या प्रदेशातील लोकांशी केली आहे?

यांची उत्तरे मिळत नसतील, तर अहवाल बाजूस ठेवून रुग्णाचा अग्नी, कोष्ठ, मल व बल पाहावे. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतैक्यपत्रातही, नित्याच्या चिकित्सेत या तपासण्या सरसकट वापरण्यास अद्याप पुरेसा आधार नाही आणि चिकित्सकाच्या सल्ल्याविना रुग्णाने त्या परस्पर करवून घेणे इष्ट नाही, असेच म्हटले आहे.

संशोधन करू इच्छिणाऱ्या फार्मसीचालकांनी आधी नमुन्याचा आराखडा लिहून काढावा आणि मगच प्रयोगशाळेचे दर विचारावेत. नीतिसमितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती आणि चिकित्सा-चाचणी असल्यास राष्ट्रीय नोंदणी या गोष्टी आरंभीच उरकाव्यात. मलाच्या नमुन्यात रुग्णाचे स्वतःचे डीएनएही असते. ते कोणाकडे व किती काळ राहणार, हे रुग्णास सांगणे आपले कर्तव्य आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांस पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. नमुने गोळा झाल्यावर त्यांच्याकडे जाणे म्हणजे काढा उतरल्यावर द्रव्ये तपासण्यासारखे आहे.

त्रिफळा, तक्र, विरेचन व बस्ती यांविषयी शतकानुशतकांचा अनुभव आपल्या पदरी आहे. त्याला जीवाणूंच्या भाषेत मांडण्याची घाई नाही; मांडावयाचे ठरले तर मात्र ते कोणी खोडून काढू शकणार नाही असे मांडले पाहिजे. त्याची सुरुवात नीट भरलेल्या डबीपासून आणि तिच्यावर चिकटविलेल्या नीट लिहिलेल्या चिठ्ठीपासून होते. इत्यलम्.